दोन मुठी गवत

त्या मंगळवारी सकाळपासून मी स्वतःच्या मनगटाचे मुके घेत होते. हे माझं काम आहे, सिनेमातले आवाज मागून तयार करून द्यायचे. पडद्यावर दोन देखणी माणसं एकमेकांच्या जवळ येतात, मागे डोंगर असतात, ऊन असतं, सगळं असतं. फक्त ओठांचा आवाज नसतो, किंवा असतो तो इतका ओंगळ असतो की ठेवता येत नाही. मग म्युनिकमधल्या एका जुन्या बिअरच्या कारखान्याच्या तळघरात, पायांत जाड मोजे घालून, पोट गुरगुरू नये म्हणून आधी पाव खाऊन, सत्तेचाळीस वर्षांची एक बाई डोळे मिटून मनगटावर ओठ टेकवते, आणि थिएटरात लोक रुमाल काढतात. चोवीस वर्षं मी हेच करते आहे. बटाट्याच्या पिठाच्या थैलीवर पावलं टाकून मी बर्फात कितीतरी नवरे घरी परत आणलेत, कितीतरी बायकांना चामड्याच्या जुन्या पर्समधून दाराच्या कड्या काढून दिल्यात. माझा स्वतःचा नवरा कधी आला नाही आणि गेलाही नाही, पण ते असो. तो सिनेमा आमच्याच डोंगरातला होता, आल्गॉयमधला. हाम्बुर्गची एक आर्किटेक्ट वारलेल्या आत्याचं शेत विकायला गावात येते, चीज करणाऱ्या एका अबोल माणसाच्या प्रेमात पडते, उन्हाळाभर दोघं मिळून गवत कापतात आणि शेवटी ती निघून जाते. गोड आणि कडू दोन्ही, आमच्या लोकांना आवडतं तसं. पांढरा शर्ट घालून ती गवत कापते आणि शर्ट संध्याकाळपर्यंत पांढराच राहतो. मी हसत होते. मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेला डिर्क, कीलचा, समुद्रावरचा माणूस, ज्याला गाय आणि बैल यांतला फरक मी दोनदा समजावून सांगितलाय, तोही हसत होता. मग त्याने शेवटचा भाग लावला आणि मला माझ्या बापाची पाठ दिसली.

पाठ कुणाचीही असू शकते असं लोक म्हणतात. नसते. डावा खांदा दोन बोटं खाली, हातातली काठी जमिनीवर टेकत नाही, नुसती सोबत चालते, आणि उजवा पाय बाहेरून किंचित फिरून येतो. मी त्या पाठीमागे वयाच्या पाचव्या वर्षापासून चालले होते. रस्ताही आमचाच होता, चॅपेलपाशी वळणारा, दगडी हौदाच्या कडेने उतरणारा. सप्टेंबरातली उतरण होती. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात राहिलेली गावची गुरं खाली येतात तो दिवस. चाळीस कालवडी, आणि सगळ्यांत पुढे फीनी, करड्या रंगाची, थोराड, आणि फीनीच्या डोक्यावर मुकुट. देवदाराच्या फांद्या, रुपेरी काटेफुलं, लाल फिती आणि मधोमध छोटा गोल आरसा, वाईट काही समोर आलंच तर त्याने आधी स्वतःचं तोंड पाहावं म्हणून. सगळं शास्त्रशुद्ध. ''त्या आरशात कॅमेरा दिसतोय बघ,'' डिर्क म्हणाला. ''पण तो पुसणार आहेत. हल्ली काहीही पुसता येतं.'' माझ्या मनगटावर ओठांचा ओला डाग होता आणि तो गार पडत चालला होता.

आमच्याकडे मुकुट म्हणजे शोभा नव्हे. उन्हाळ्यात वर कुणाचंही बरंवाईट झालं नाही, जेवढे गेले तेवढे परत आले, हे गावाला सांगायची ती पद्धत आहे. एक वासरू जरी कड्यावरून पडलं तरी आमच्या गावात मुकुट बांधत नाहीत. माणूस गेला तर बोलायलाच नको. आणि त्या उन्हाळ्यात, अकरा जुलैला, माझा धाकटा भाऊ लेन्झ धुक्यात एका चुकलेल्या कालवडीमागे गेला, ओल्या गवतावरून घसरला आणि साठ मीटर खाली ओढ्याच्या दगडांत सापडला. बेचाळीस वर्षांचा होता. कालवड आपली आपण परत आली. तीच ही फीनी. तिच्याच डोक्यावर मुकुट होता, आणि पुढे चालत होता आमचा बाप.

मी उतरणीला गेले नव्हते. जाणं शक्यच नव्हतं, कारण दफनानंतरच्या जेवणात आमचं जे झालं ते तीस माणसांनी ऐकलं होतं. खानावळीच्या मोठ्या खोलीत सूप आलं, मग उकडलेलं मांस आणि किसलेला तिखट मुळा आला, आणि बाबा, ज्यांनी चर्चमध्ये तोंड उघडलं नव्हतं, काटा खाली ठेवून म्हणाले, ''तू घरी असतीस तर त्याला एकट्याला जावं लागलं नसतं.'' मोठ्याने नाही, मिठाचं भांडं मागावं तसं. आणि मीही, जिने आयुष्यभर आवाज मोजून मापून काढले, खोलीतल्या प्रत्येक भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, ''आणि धुक्यात त्याला पाठवलं कुणी?'' चमचे थांबले. शेजारच्या आफ्रा मावशीने माझ्या मांडीवर हात ठेवला, मी तो झटकला. निघताना मी गोठ्यात गेले. लेन्झची घंटा तिथे खिळ्याला होती, त्याच्या पहिल्या वासराची, मुठीपेक्षा थोडी मोठी. आठ वर्षांचा असताना त्याने ती रागारागाने हौदावर आपटली होती, कशासाठी ते आठवत नाही, बहुधा माझ्यामुळेच. तेव्हापासून ती वाजली की नादाच्या शेवटी किंचित खरखरायची. घसा बसलेल्या माणसाने नाव घ्यावं तशी. मी कुणाला न विचारता ती पिशवीत टाकली. रिकामा खिळा बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसला असणार. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्या मंगळवारपर्यंत सात महिने आम्ही एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता.

डिर्क म्हणाला, ''इथे लोच्या आहे. जागेवरच्या रेकॉर्डिंगमध्ये घंटाच नाहीत. माईक बोंबलला असणार. यानिनाला घंटा पाहिजेत, भरपूर, बस दूर जाते आणि घंटा मागे राहतात, असं काहीतरी तिच्या डोक्यात आहे.'' यानिना म्हणजे दिग्दर्शिका. मी हेडफोन चढवला. आता हे मी नीट सांगते, कारण यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. मी ऐकलं. खुरं ऐकू येत होती, खडीवरची वेगळी, डांबरावरची वेगळी. गुरांचे श्वास होते. बाबांचं 'होय्या, होय्या' होतं. मधेच फीनी खोकलीसुद्धा. फक्त घंटा नव्हत्या. प्रत्येक गळ्यात घंटा दिसत होती, काही तर दोन हातांत न मावणाऱ्या, आणि एकही वाजत नव्हती. माईक बिघडला तर खुरं कशी आली? कान विकून पोट भरणाऱ्या बाईला एवढं विचारायला किती वेळ लागतो? मी विचारलं नाही. माझ्या कानात दुसरंच चाललं होतं. बांधलात मुकुट. शहरातून पांढऱ्या गाड्या आल्या, कुणीतरी गोड बोललं, 'तुमचा चेहरा काय आहे हो' म्हणालं, आणि पोरगा गेला त्याच वर्षी तुम्ही फीनीच्या डोक्यावर लाल फिती बांधल्यात.

आणि गंमत ही की घंटा न वाजण्याची गोष्ट मला या जगात कुणाहीपेक्षा चांगली माहीत होती. ती माझी लाडकी गोष्ट आहे. तू या धंद्यात कशी आलीस असं कुणी विचारलं की मी तीच सांगते, वाइनचा ग्लास हातात धरून, थोडं थांबून थांबून. मी नऊ वर्षांची, लेन्झ चार. वरच्या कुरणावर वीज पडून ओस्वाल्ड नावाचा गुराखी गेला होता. उतरणीच्या सकाळी बाबा एकेका घंटेत गवत कोंबत होते, मी ओंजळीने गवत पुरवत होते आणि लेन्झ प्रत्येक कालवडीला 'आता गप्प हं' असं बजावून सांगत होता. ''दोन मुठी, बुर्गे,'' बाबा म्हणाले होते. ''कमी नको. अर्धवट कोंबलेली घंटा खोकते.'' मग सगळं खिल्लार गावातून गेलं, खुरांशिवाय दुसरा आवाज नाही, आणि दारादारांत बायका उभ्या. एवढं मोठं काही मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. लोकांना ही गोष्ट फार आवडते. एका रेडिओवाल्याने तर ती दोनदा लावली. आणि तीच गोष्ट माझ्या समोर पडद्यावर चालत होती, माझ्या बापाच्या मागे, चाळीस गळ्यांत, आणि मला ओळखता आली नाही, कारण वर मुकुट होता. मुकुट असला की घंटा वाजतात, गवत असलं की मुकुट नसतो. दोन्ही एकत्र आमच्या गावात कधी कुणी केलेलंच नव्हतं. असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पुरत नाही.

लेन्झची घंटा स्टुडिओतच होती, बुटांच्या फळीवर, एका जुन्या स्केटिंगच्या बुटामागे. आणल्यापासून मी ती वाजवली नव्हती. तिची जीभ, आतला लोलक, स्कार्फात गुंडाळून ठेवली होती. आधी मी बाकीचं खिल्लार उभं केलं. खोलीत सात घंटा होत्या, त्या वेगवेगळ्या अंतरावरून वाजवल्या, पुन्हा पुन्हा, चाळीस होईपर्यंत. मग डिर्कला म्हणाले, ''पुढची राहिली. ती मी एकटी करते.'' पट्टा कमरेला बांधला, घंटा उजव्या मांडीवर घेतली आणि पडद्याकडे बघत फीनीची चाल चालू लागले. मला दुसरी कुठलीही घंटा घेता आली असती. मोठी, खोल आवाजाची, मुकुटाला शोभेल अशी. मी मुद्दाम हीच घेतली. हा सिनेमा कधीतरी गावात दाखवतील, बाबा पहिल्या रांगांत बसतील, आणि ज्या क्षणी ते स्वतःला एवढे मोठे झालेले बघतील त्या क्षणी त्यांच्या कानात हीच जायला पाहिजे. गावात घंटेच्या आवाजावरून गुरं ओळखतात, काळोखात, धुक्यात. ते ओळखतील. दुखू दे. मला शब्द तेवढेच आठवतात, दुखू दे. मी चालत होते, मांडीवर घंटा आपटत होती, आणि तिसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं की मी फीनीच्या चालीने चालतच नाहीये. माझा उजवा पाय बाहेरून फिरून येत होता. मी बापाच्या पावलात पाऊल टाकून चालत होते, त्याच्या पाठीमागे, आणि त्याला पाठीत मारत होते.

यानिना दुपारी आली. बत्तीस वर्षांची, हुशार, सतत काहीतरी कुरतडणारी. त्या दिवशी गाजर होतं. तिने ते दृश्य दोनदा पाहिलं. ''ही पुढची घंटा,'' ती म्हणाली, ''ही कुठे मिळाली तुला? शेवटी जे खरखरतं ना, ते... बुर्गी, तेच तर आहे सगळं. ते अजिबात साफ करू नकोस.'' तिचे डोळे खरंच भरून आले होते. ''जागेवर मी वेडी झाले होते,'' ती म्हणाली. ''तो म्हातारा, पुढे चालणारा, इतका चांगला, पण काही विचारलं तर उत्तर नाही. मुकुट बांधा म्हटलं तर अर्धा तास माझ्याकडे बघत उभा. मग बांधला. इतका सुंदर बांधला की आमच्या सजावटवाल्या बाईने हातच लावला नाही.'' मी म्हणाले, ''तो म्हातारा माझा बाप आहे.'' यानिनाने गाजर खाली ठेवलं. ''काय सांगतेस! मग त्याला किती आनंद होईल!'' त्या वेळी तरी मी विचारायला हवं होतं की अर्धा तास का. पण मला फक्त 'इतका सुंदर' एवढंच ऐकू आलं.

उन्हाळा गेला. बाबांनी कुरणाची गुरं राखणं सोडलं, घरच्या अकरा गाई ठेवल्या, हे मला आफ्रा मावशीच्या ईस्टरच्या कार्डातून आधीच कळलं होतं. सिनेमा सप्टेंबरात आला आणि चालला. म्युनिकमध्ये मी तो तिकीट काढून पाहिला, लोक रुमाल काढतात का ते बघायला, काढत होते. गावात तो नोव्हेंबरातल्या एका रविवारी लागणार होता, अग्निशमन दलाच्या सभागृहात, तीनला एक खेळ आणि आजूबाजूच्या गावांसाठी पाचला दुसरा. आफ्रा मावशीने फोन केला, ''येतेस ना गं? सगळं गाव येणार. तुझं नाव पण येतं म्हणे शेवटी, बारीक अक्षरांत.'' मी म्हणाले, ''बाबा येणार?'' ती म्हणाली, ''सूट काढलाय त्यांनी.'' सूट काढलाय, हे ऐकून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. जीभ पुन्हा स्कार्फात गुंडाळून मी घंटा पिशवीत घातली. खेळ संपल्यावर ती त्यांच्यासमोर टेबलावर ठेवायची, एवढंच ठरवलं होतं. बोलायचं काही नव्हतं.

सभागृह आमच्या गोठ्याला लागूनच आहे, मधे फक्त गल्ली. आत घुसले तर ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास, मागे लांब टेबलावर सफरचंदाचे केक मांडलेले, खिडक्या वाफेने पांढऱ्या. बाबा माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसले होते, डोकं उघडं, मांडीवर टोपी. मान बारीक झाली होती. वळून त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा पुढे बघू लागले. आफ्रा मावशी माझ्या शेजारी बसली. सिनेमाभर लोक मोठ्याने बोलत होते, जसं गावात बोलतात. ''बघ बघ, योसेफचा ट्रॅक्टर!'' ''योसेफ, तुझ्यापेक्षा तोच देखणा दिसतोय!'' ''अगं बाई, असा विळा धरला तर पाय जाईल तुझा!'' पांढरा शर्ट बघून बायका खदखदून हसल्या. मनगटाचे मुके आले तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. मग बस आली, आर्किटेक्टबाई चढली, चीजवाला रस्त्याकडेला उभा राहिला, आणि चॅपेलच्या वळणावरून चाळीस घंटा वाजत खाली आल्या, आणि त्यांच्यापुढे एक, खरखरणारी.

सभागृहात कुणी श्वास घेतला नाही. मला वाटलं, भारावलेत. मग मागून कुणीतरी ''देवा'' म्हणालं, तेही कौतुकाने नाही. आफ्रा मावशीने माझं मनगट धरलं. ''हे कुणी केलं?'' ती कुजबुजली. ''घंटा कुणी वाजवल्या? बुर्गे, त्यात गवत होतं. माझ्या समोर कोंबलंय त्यांनी. मी डोकी धरत होते एकेकीची. त्या सिनेमावाल्या पोरीला कळलंसुद्धा नाही.'' मी म्हणाले, ''मग मुकुट कशाला बांधला?'' मला माझाच आवाज लांबून आला. ती माझ्याकडे बघतच राहिली. ''तुला माहीत नाही? लेन्झने शब्द दिला होता ना त्या सिनेमावाल्यांना, हातात हात देऊन. मे महिन्यात, आमच्याच ओट्यावर. मुकुट घालून मीच चालवीन पुढे, म्हणाला होता. किती खुशीत होता तो, आरसासुद्धा नवा आणून ठेवलेला. मग तुझे बाबा म्हणाले, पोराने दिलेला हात मी मागे घेणार नाही. गावाला आधीच सांगून ठेवलं, मुकुट त्याच्या शब्दासाठी आणि गवत त्याच्यासाठी. आम्ही सगळे उभे होतो त्या दिवशी रस्त्याला. कॅमेऱ्याच्या मागे. एक घंटा वाजली नाही बघ.'' ती हे सांगत होती तोवर माझ्यापुढे दोन रांगांवर ती बारीक मान ताठ होती आणि मांडीवरच्या टोपीत हात घट्ट रुतले होते. घंटा वाजतच होत्या. मी त्या एक मिनिट चाळीस सेकंद ठेवल्या होत्या. यानिनाला एक मिनिट पुरलं असतं, मीच हट्टाने वाढवून घेतल्या होत्या.

नंतर टाळ्या झाल्या, कारण पाहुणे होते आणि केक होते. यानिनाही आली होती, स्टेजवर चढून ती बोलली, गावाचे आभार मानले, आरशातला कॅमेरा कसा पुसला त्याची गंमत सांगितली, आणि मग म्हणाली, या गावची एक मुलगी इथे बसली आहे जिने या घंटांना जीव दिला. माना वळल्या. गावाने माझ्याकडे पाहिलं. कुणी रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी दूध सांडलं की जसे बघायचे तसे बघत होते. बाबा तेव्हा दारातून बाहेर पडत होते.

मी गल्ली ओलांडून गोठ्यात गेले. त्यांनी सुटाचा कोट काढून खिळ्याला अडकवला होता, लेन्झच्या घंटेच्या त्याच खिळ्याला, आणि कामाचा निळा अंगरखा चढवत होते. दूध काढायची वेळ झाली होती. गाईंना सिनेमाशी काही देणंघेणं नसतं.

''खिळ्यावरचीच ना ती?'' त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

''हो.''

''ओळखली मी.'' अंगरख्याचं बटण लावत, ''चांगली वाजवलीस. फीनी तशीच चालते.''

मी म्हणाले, ''बाबा, मला माहीत नव्हतं.'' ते म्हणाले, ''कसं असणार? तू नव्हतीस.'' मला ते वाक्य जेवणाच्या टेबलावरचंच वाटलं, पण ते तसं म्हणाले नव्हते. नुसतं जे झालं तेवढं सांगितलं. मी पिशवीतून घंटा काढली. त्यांनी ती हातात घेताच बोटं आपोआप आत गेली आणि त्यांनी जीभ धरली, ती वाजू नये म्हणून. स्कार्फ काढून मला परत दिला. मग गव्हाणीतून एक मूठ गवत घेतलं, कोंबलं, अंगठ्याने दाबलं. दुसरी मूठ घेतली. मी हात पुढे केला होता, नऊ वर्षांची असताना करायचे तसा, गवत पुरवायला. त्यांना तो दिसला की नाही, कोण जाणे. कोट बाजूला सरकवून त्यांनी घंटा खिळ्याला लावली आणि हलवून पाहिली. वाजली नाही.

''तो कॅमेरा पुसला म्हणाली ती,'' बाबा म्हणाले. ''आरशातला.''

''हो.''

''मग घंटा पुसता येत नाहीत?''

माझ्याकडे या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं होती, कुठली फीत, कुठली प्रत, किती गावं, किती थिएटरं, टीव्हीवाल्यांनी आधीच घेतलेला तो सिनेमा जो ते आता दर शरद ऋतूत रविवारी दुपारी लावणार. तेव्हा पुसता आल्या असत्या. तेव्हा तर लावायच्याच नव्हत्या. ''आता नाही, बाबा,'' मी म्हणाले.

''बरं.'' त्यांनी स्टूल ओढलं. पहिल्या गाईची कास पुसली. ''म्हणजे पाचच्या खेळालाही वाजणार.''

''हो.''

''साधारण किती वाजता?''

चोवीस वर्षांत माझ्या हातून एवढ्या खात्रीचं उत्तर कधी दिलं गेलं नसेल. ''पावणेसातला,'' मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मला जा म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मी चाऱ्याच्या पेटीवर बसून राहिले. एकामागून एक गाई झाल्या, गल्लीपलीकडे लोक हसले, कुणी योसेफच्या ट्रॅक्टरला टाळ्या दिल्या, मग तिकडे शांत झालं. सभागृहातल्यांनी वाफेमुळे खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. सातव्या गाईपाशी बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बादली बाजूला ठेवली, उठले, आणि गोठ्याची खिडकी लावून घेतली. मग दारही लावलं. मग परत येऊन बसले आणि दोन्ही हात मोकळे असूनही दूध काढायला लागले नाहीत.

ऐकू आलंच. आमच्या गोठ्याची खिडकी पहिल्यापासून नीट बसत नाही.

''उघडू का?'' मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

''गप्प बस, बुर्गे,'' बाबा म्हणाले, हळूच, लेन्झ कालवडींना सांगायचा तसं. ''संपेपर्यंत.''